कंपासपेटीतली गोळी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देते.

मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला. पाळी बाराव्या वर्षी सुरू झाली. पहिलं दीड वर्ष काहीच त्रास नव्हता. त्यानंतर मात्र दर महिन्याला पहिल्या दिवशी ओटीपोटात कळा, कंबर आणि मांड्या भरून येणं, एक-दोन उलट्या, पातळ संडास. दोन दिवस कॉलेज आणि क्लास बुडतो. सोनोग्राफी केली, नॉर्मल आली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पण आईने त्या आणल्याच नाहीत. पेनकिलरची सवय लागते, पुढे मूल राहायला अडचण येते, असं तिने ऐकलंय. त्याऐवजी ओवा-गुळाचा काढा, पोटाला एरंडेल आणि गरम पाण्याची पिशवी चालू आहे. पिशवीमुळे की काय, पोटावर तपकिरी जाळी उमटली आहे. सासूबाई म्हणतात, लग्न होऊन एक मूल झालं की आपोआप थांबतं; आईचं स्वतःचं तसंच थांबलं होतं. आईच्या धाकट्या बहिणीचं मात्र 'चॉकलेट सिस्ट'चं ऑपरेशन झालं होतं. गेल्या आठवड्यात मुलीच्या कंपासपेटीत गोळ्यांची स्ट्रिप सापडली, चार गोळ्या संपलेल्या. आई अजून तिच्याशी काही बोललेली नाही. तिला असा जालीम नैसर्गिक उपाय हवा आहे की गोळीची गरजच पडू नये. शिवाय फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. शेजारीण म्हणते, पाळी पुढे ढकलायची गोळी देऊन टाका. ताजा कलम असा: 'वर्षभर माझंही दुखायला लागलंय आणि अंगावरून जास्त जातं, पण माझं जाऊ द्या, आता पाळी जायचंच वय.'

ताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतेच. पण जाता जाता लिहिलेल्या तीन गोष्टी मला त्या प्रश्नांपेक्षा मोठ्या वाटल्या: कंपासपेटी, बहिणीची सिस्ट आणि ताजा कलम. त्यांच्याकडेही येते.

आधी दुखतं कशामुळे ते सांगते, म्हणजे कुठला उपाय का लागू पडतो ते कळेल. पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि अस्तर बाहेर टाकतो. काही मुलींमध्ये ही रसायनं जास्त तयार होतात. मग स्नायू इतका आवळतो की त्याच्यातल्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त अपुरं पडतं आणि कळ येते. तीच रसायनं आतड्यांनाही डिवचतात. उलटी आणि पातळ संडास त्यातूनच. पहिलं दीड वर्ष त्रास नव्हता, कारण सुरुवातीच्या पाळ्यांत बीज दर महिन्याला सुटत नाही आणि बीज न सुटलेली पाळी सहसा दुखत नाही. म्हणजे पुढे दुखायला लागलं ते मुलीने आंबट खाल्लं म्हणून किंवा 'त्या दिवसांत' केस धुतले म्हणून नाही. आजेसासूबाईंच्या काळापासून चालत आलेली ती यादी एकदाची फाडून टाका.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे येऊ. तुमच्या पत्रात तो पाच वेळा आलाय, मी मोजला. खरं सांगू का, कळाही नैसर्गिकच आहेत. आणि ओवा, सुंठ, एरंडेल हीसुद्धा औषधंच, फक्त ती मेडिकलऐवजी किराणा दुकानात मिळतात. कुठल्याही औषधाला मी दोनच प्रश्न विचारते: उपयोग किती आणि अपाय काय. तेच इथेही विचारते.

शेक हा घरगुती उपायांतला राजा. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साधारण ३९ अंश ऊब देणारी पट्टी दिवसाचे १२ तास पोटावर बांधली होती, आणि तिचा आराम आयबुप्रोफेनच्या गोळीच्या तोडीचा निघाला. ३९ अंश म्हणजे किती, तर अंगात ताप भरल्यावर लागतं तेवढं गरम. पोरींना वाटतं चटका बसला तरच आराम पडतो, म्हणून उकळतं पाणी भरतात. तुमच्या लेकीच्या पोटावरची जाळी त्यातूनच आली असणार. एकाच जागी वारंवार जास्त आच लागली की कातडीवर अशी तपकिरी नक्षी उठते. आच कमी केली की ती बहुतेक वेळा काही महिन्यांत फिकी पडते; तिच्यावर लिंबू-हळद काही घासू नका.

पिशवी भरायची रीतही सांगते, कारण भाजलेल्या मांड्या मी दवाखान्यात पुष्कळ बघितल्यात. पाणी उकळू द्यायचं नाही, बोट क्षणभर बुडवता येईल इतपतच तापवायचं. पिशवी दोन तृतीयांश भरायची, टेबलावर आडवी धरून हवा काढायची, मग बूच. रबराला बारीक भेगा दिसल्या की टाकून द्यायची. दोनशे रुपयांसाठी पोट भाजून घेऊ नये. पिशवीला नॅपकिन गुंडाळायचा आणि ती घेऊन झोपायचं नाही. पिशवी नसेल तर तव्यावर गरम केलेला सुती फडका चालतो, जाड कापडात बांधलेल्या वाळूची पुरचुंडीही चालते. ओव्याची पुरचुंडीसुद्धा. तिथे काम करते ती ऊब, पण वास आवडत असेल तर ओवा जरूर घ्या. मेडिकलमध्ये चिकटवायच्या गरम पट्ट्याही मिळतात. आतल्या कपड्यावर लावून वर ड्रेस घातला तर कॉलेजात कुणाला कळतही नाही. पाकिटावरच्या सूचना मात्र वाचा, आणि पट्टीच्या जागी बाम चोळू नका.

दुसरा क्रम सुंठीचा. २००९ साली इराणमधल्या एका चाचणीत विद्यार्थिनींना सुंठीची पूड, मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि आयबुप्रोफेन असं वेगवेगळं देऊन पाहिलं. तिन्ही गटांत आराम साधारण सारखाच पडला. अशा चाचण्या छोट्या असतात, म्हणून मी सुंठीची आरती करणार नाही, पण करून बघायला हरकत नाही. प्रमाण महत्त्वाचं. चहात टाकलेला आल्याचा तुकडा म्हणजे मात्रा नव्हे. पाव चमचा सुंठपूड कोमट पाण्यात गुळासोबत, दिवसातून तीन वेळा, पाळीची चाहूल लागल्यापासून तीन दिवस. पित्त खवळलं तर बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ओव्याने गॅस सुटतो, पोट हलकं वाटतं, तेवढंच. एरंडेल पोटाला चोळलं तर चालेल, चोळणाऱ्या हाताचीही माया असते. पण प्यायला देऊ नका, आधीच संडास पातळ आहे. आणि कुणी ओळखीच्याने आणलेली, कागदावर नाव नसलेली 'बायकांची पुडी' घरात असेल तर ती सरळ कचऱ्यात. आत काय आहे ते माहीत नसताना अपाय किती ते मी कसं सांगू? आयुर्वेदिक औषध घ्यायचं तर वैद्यांना दाखवून, लेबल असलेलं.

व्यायामाचा फायदा हळूहळू दिसतो, म्हणून लोक तो मध्येच सोडतात. आठवड्यातून तीनदा, पाऊण ते एक तास, घाम येईल असं चालणं, सायकल, सूर्यनमस्कार, काहीही. दोन-तीन महिन्यांत कळांची धार कमी होते असं अभ्यासांतून दिसतं. बारावीची मुलं सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री अभ्यास अशी दिवसभर बसूनच असतात. क्लासला वडील गाडीवर सोडत असतील तर त्यांना म्हणावं, राहू द्या, चालत जाऊ दे. प्रत्यक्ष कळा येत असताना उड्या मारायची गरज नाही. गुडघे पोटाशी घेऊन पडणं, मार्जारासन, बालासन, जे बरं वाटेल ते.

आता गोळी. तुमची भीती मला कळते, कारण पेनकिलर चण्या-फुटाण्यासारख्या खाणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. पण महिन्यातून दोन-तीन दिवस घेतलेल्या या गोळ्यांची सवय लागत नाही. त्या झोपेच्या किंवा नशेच्या जातीच्या नाहीत. पाळीच्या त्या दोन-तीन दिवसांत घेतल्याने पुढे मूल राहायला अडथळाही येत नाही. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. म्हणजे दुखण्याच्या मुळावरच घाव घालतात, आणि आपण म्हणतो 'नुसतं दुखणं दाबतात'!

यात सगळा खेळ वेळेचा आहे. आधीच तयार झालेलं रसायन गोळी परत घेऊ शकत नाही. कळा असह्य झाल्यावर, रडू आल्यावर, उलटी झाल्यावर गोळी घेणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं. पाळीची तारीख ठरलेली असेल तर पहिली चाहूल लागताच, दोन घास खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पहिली गोळी घ्यायची, आणि पुढचा दिवस-दीड दिवस ठरलेल्या अंतराने. 'गोळीने काही फरक पडत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच मुलींनी ती उशिरा किंवा एकदाच घेतलेली असते. उपाशीपोटी मात्र नाही. भाकरी-दूध, मऊ भात, पेज, काहीतरी पोटात हवं.

अपायही सांगायला हवेत. पित्त, जठराचा अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, पेनकिलरने उठणारा दमा, डेंग्यूची शंका असलेला ताप, गरोदरपण: यातलं काहीही असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. २०२३ च्या अखेरीस गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल इशारा दिला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर तो बराच फिरला. या औषधाची क्वचित एक तीव्र अ‍ॅलर्जी येते, ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांवर परिणाम अशी, आणि ती काही आठवड्यांनीही येऊ शकते. म्हणून गोळी सुरू केल्यावर पुरळ-ताप आला तर ती थांबवून लगेच डॉक्टरांकडे. इशारा लक्ष ठेवा असा होता. औषधावर बंदी आलेली नाही.

तर कंपासपेटीतली ती गोळी. तुम्ही गोळी आणली नाहीत म्हणून लेकीने ती सोडली नाही, मैत्रिणीकडून मागून घेतली. कुठली, किती ताकदीची, कशासोबत, उपाशीपोटी की जेवून, हे तिलाही माहीत नसेल. पाळीसाठी मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत मेफेनॅमिकसोबत डायसायक्लोमिन असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, कधी अक्षरं धूसर दिसतात. भौतिकशास्त्राच्या पेपराच्या सकाळी हे नको. डॉक्टरांना सांगा की परीक्षेला चालेल अशी, गुंगी न आणणारी गोळी द्या, आणि तिचा पहिला प्रयोग परीक्षेच्या दिवशी न करता आधीच्या दोन पाळ्यांत करून घ्या.

बोलायची सुरुवात कशी करू, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण अडलंय तिथेच. झडती घेतल्यासारखं 'हे काय आहे?' म्हणू नका. तुमच्या वयाच्या बायकांना हे जमणं अवघड असतं, मला ठाऊक आहे. आमच्या घरीही पाळीला 'कावळा शिवला' म्हणून विषय मिटवायचे. स्वयंपाक करताना बोला, एकमेकींकडे बघावं लागत नाही. 'मला स्ट्रिप दिसली. इतकं दुखतं हे मला कळायला हवं होतं. आपण डॉक्टरांना विचारून नीट घेऊ.' एवढं पुरे. तिला रडू आलं तर कणीक तशीच राहू द्या.

आता बहिणीची चॉकलेट सिस्ट. हे वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय आणि मी त्याखाली लाल रेघ मारली आहे. चॉकलेट सिस्ट म्हणजे बीजकोशातला एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं, तेही पाळीला सुजतं, स्रवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या दर १० मुली-बायकांमागे साधारण एकीला तो असतो, आणि निदान व्हायला वर्षानुवर्षं लागतात. कारण सगळे तिला हेच सांगत असतात: पाळी म्हटली की दुखणारच. तो काही घराण्यांत जास्त दिसतो. मावशी हे आई-बहिणीइतकं जवळचं नातं नाही, पण डॉक्टरांना सांगण्याइतकं नक्की आहे. आणि नॉर्मल सोनोग्राफीने गाठ नाही, सिस्ट नाही एवढं कळतं. एंडोमेट्रिओसिस नाहीच, असं त्यावरून म्हणता येत नाही.

लगेच घाबरू नका. पहिल्याच दिवशी सुरू होऊन दोन-तीन दिवसांत संपणारं दुखणं बहुतेक वेळा साधंच असतं, आणि तुमच्या लेकीचं वर्णन तसंच वाटतं. पण पुढचं काही दिसलं तर काढे-शेक करत बसू नये: दर काही महिन्यांनी वाढत जाणारं दुखणं, पाळी संपल्यावरही किंवा अधल्यामधल्या दिवसांत दुखणं, पाळीत संडास-लघवीला बसताना कळ, लग्न झालेल्यांना संबंधाच्या वेळी दुखणं, दर तासा-दोन तासाला पॅड भिजणं, सात दिवसांच्या वर जाणं. दुखण्यासोबत ताप, घाण वासाचा स्राव, चक्कर, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

वहीचं एक पान करा. तारीख, दुखणं १० पैकी किती, पॅड किती, उलटी, गोळी किती वाजता, किती वेळाने उतार, कॉलेज बुडलं का. लेकीनेच लिहावं. वेळेवर घेतलेली गोळी, शेक आणि चालणं अशा नीट तीन पाळ्या जाऊ द्या. ती कॉलेजला जायला लागली तर उत्तम. तीन पाळ्यांनंतरही अंथरुणातच असेल तर ते पान घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. त्या कदाचित काही महिने संप्रेरकांच्या गोळ्या सुचवतील. त्याच गोळ्या कुटुंबनियोजनासाठीही वापरतात, म्हणून मेडिकलवाला वर बघेल, बघू दे. अस्तर पातळ राहिलं की रसायनंही कमी तयार होतात, दुखणं उतरतं. मायग्रेन, किंवा घरात कुणाला पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आधी सांगायचं.

एक रक्ततपासणीही करून घ्या, हिमोग्लोबिनची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. रक्त कमी असलं की त्या दिवसांतली गळून गेल्याची भावना दुप्पट होते.

सासूबाईंचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. मूल झाल्यावर पुष्कळ जणींचं दुखणं कमी होतं, तुमचंही झालं. पण १७ वर्षांच्या मुलीला 'दहा वर्षं थांब' हा उपाय म्हणून कसा सांगणार? आणि दुखणं थांबवायला लवकर लग्न लावून दिलेल्या मुली मी पाहिल्यात. दुखणं होतं तिथेच होतं, फक्त ऐकणारं माणूस बदललं.

शेजारणीच्या सल्ल्याचं बघू. गौरी-गणपतीला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायला घेतात ती गोळी वेगळी, संप्रेरकाची. ती वेदनेची नाही. बारावीची परीक्षा महिनाभर चालते. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते, म्हणजे मराठीच्या पेपराची वाचली तर रसायनशास्त्राच्या पेपराला गाठणार. त्यापेक्षा वहीतल्या तारखांवरून अंदाज काढा, त्या आठवड्याची गोळी-पट्टी-पॅड अशी छोटी पिशवी तयार ठेवा, आणि पाण्याची बाटली, गरम पट्टी, मध्येच बाथरूमला जाणं याबद्दल केंद्रसंचालकांशी आधीच बोलून ठेवा. हे वडिलांनी केलं तरी चालेल. चालेल काय, त्यांनीच करावं.

राहिला तुमचा ताजा कलम. चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं आणि वाढलेलं रक्त हे 'जायचं वय' म्हणून सोडून द्यायचं नसतं. गर्भाशयात गाठी असतील, किंवा अस्तर गर्भाशयाच्या स्नायूतच शिरून तो जाड झाला असेल. तपासल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं तर दोन्हींवर बिनऑपरेशनचेही उपचार आहेत. पहिल्याच भेटीत कुणी 'गर्भपिशवी काढून टाका, कटकट मिटेल' म्हणालं तर घाई करू नका, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या ऑपरेशनांचं प्रकरण गाजलं, तेव्हा ऐन तिशीत पिशवी गमावलेल्या बायका आपण टीव्हीवर पाहिल्यात.

लेकीला घेऊन जाल त्या दिवशी केसपेपर दोन काढा.